पन्नास, पंच्याहत्तर, शंभर

होडी धरणाच्या बरोब्बर मधोमध आली आणि रघूच्या इंजिनानं मान टाकली. आधी ते दोनदा खोकलं, मग काळाकुट्ट धूर सोडला आणि मग असं काही गप्प झालं, की पाटीतल्या कोंबडीनंसुद्धा काय झालं म्हणून डोकं बाहेर काढलं.

होडीत सहा माणसं होती. वालाच्या शेंगा घेऊन बदलापूरच्या बाजाराला निघालेल्या वाडीतल्या तीन बाया, रघूची बायको गोजरबाई, स्वतः रघू आणि हरिचंद्र. हा हरिचंद्र वाडीचा पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा धरून हा माणूस शेतातून फिरायचा, आणि नारळ जिथं उभा राहील तिथं पाणी, असं सांगायचा. आज मात्र त्याची दाढ ठणकत होती, गालाला फडकं बांधून तो डॉक्टरकडे निघाला होता, आणि जमिनीखालच्या पाण्यापेक्षा होडीखालच्या पाण्याचीच त्याला जास्त धास्ती वाटत होती.

रघूनं हँडल मारलं. इंजिन ढिम्म. पुन्हा मारलं. पुन्हा ढिम्म.

“मी उतरू का?” गोजरबाईनं विचारलं. “खाली साठ फूट पानी हाय, पन तुमच्या इंजिनाच्या आधी मी पोचन.”

“जरा दम धर गोजर. गरम झालंय ते.”

“धा वर्सं गरमच हाय ते! आता त्याला ताक पाजा.”

हरिचंद्र कळवळून काहीतरी बोलला. फडक्यातून ते कुणालाच समजलं नाही, पण ते इंजिनाबद्दलच होतं आणि चांगलं नव्हतं, एवढं सगळ्यांना कळलं. शेवटी रघूनं वल्हं काढलं. दहा मिनिटांची वाट पाऊण तासात संपली, आणि त्या पाऊण तासात गोजरबाईनं जे काही ऐकवलं त्याला हरिचंद्र नुसती मान हलवून अनुमोदन देत राहिला.

ते इंजिन रघूच्या बापानं घेतलेलं. पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन, मुळात शेतातल्या पंपाचं. धरणाचं पाणी वाढलं, शेत पाण्याखाली गेलं, तेव्हा बापानं तेच इंजिन होडीवर चढवलं. रघूचा त्याच्यावर जीव. चिखलोलीला फ्लॅट घेऊन राहणारा त्याचा मुलगा सुयोग मात्र गेली दोन वर्षं बापामागे लागला होता, की हे भंगारात काढा आणि नवीन घ्या. तो मोबाईलवर फोटो पाठवायचा. “बाबा, हे बघा. जपानी आहे. नुसती दोरी ओढायची, लगेच स्टार्ट.” रघू म्हणायचा, “दोरी ओढून चालू होतो तो भोवरा. इंजिन नव्हं.” दुरुस्त की नवं, या एका मुद्द्यावर बापलेक दर रविवारी भांडायचे आणि जेवायला एकत्र बसायचे.

गोजरबाईला या भांडणात काडीचा रस नव्हता. तिचं दुःख निराळं होतं. समोर एवढं आडवंतिडवं धरण पसरलेलं, सगळ्या शहरांची तहान भागवणारं, आणि ती मात्र तीस वर्षं डोक्यावर हंडा घेऊन घसरड्या वाटेनं चढत होती. वाडीत तीन वर्षांपूर्वी नळ आले होते. पाणी अजून वाटेत होतं. “तुमच्या त्या इंजिनात जेवढं ऑइल ओतलंत ना,” ती म्हणायची, “तेवढ्या लाडात माझ्या दारात विहीर झाली असती.” हे वाक्य रघूनं इतक्यांदा ऐकलं होतं, की आता ते त्याला ऐकूच यायचं नाही.

पण त्या दिवशीच्या पाऊण तासानंतर काहीतरी करणं भागच होतं. नव्या इंजिनासाठी सुयोगनं पैसे जमवून आईच्या ट्रंकेत ठेवले होते. बापलेकांचं असं ठरलं, की इंजिन उल्हासनगरला कॅम्प चारच्या परसूशेठकडे न्यायचं. तो म्हणेल तो शेवटचा शब्द. तो म्हणाला दुरुस्त, तर दुरुस्त. तो म्हणाला भंगार, तर रघूनं हूं की चूं करायचं नाही. रघूनं देवाला नारळ बोलला आणि इंजिन टेम्पोत चढवलं.

परसूशेठचं दुकान म्हणजे एका गाळ्यात तीन लेथ मशीन, दोन कारागीर आणि एक झोपलेलं मांजर. सत्तरीचा हा सिंधी म्हातारा इंजिनाशी माणसांपेक्षा प्रेमानं बोलायचा. त्यानं इंजिनाचं हेड खोललं, सिलिंडरमध्ये बोट घातलं, आतून गोल फिरवलं, डोळे मिटले. रघूला घाम फुटला.

“साईं,” परसूशेठ म्हणाला, “ये इंजिन नहीं है. ये आशीर्वाद है. इसको चलना नहीं चाहिए, फिर भी चल रहा है.”

“म्हंजे? भंगार?”

“भंगार कौन बोला? लोहा एक नंबर का है. बोर करना पड़ेगा, बस.”

रघूचा जीव भांड्यात पडला. बोर करणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं. झिजून वाकडातिकडा झालेला सिलिंडर आतून कोरून सारखा करायचा आणि त्यात एक नंबर जाड पिस्टन बसवायचा. असे नंबर एकूण तीन. आधी पन्नास, त्यात नाही जमलं तर पंच्याहत्तर, आणि अगदीच नाही तर शंभर. शंभरच्या पुढे कोरायला लोखंडच उरत नाही.

त्यानं आधी सुयोगला फोन लावला. “ठीक आहे बाबा, करा,” सुयोग म्हणाला. मग त्यानं घरी फोन लावला. वाडीत रेंज फक्त देवळाच्या तिसऱ्या पायरीवर यायची, तीही मर्जी असली तर. गोजरबाई ठरल्याप्रमाणे तिथंच थांबली होती. इकडे गाळ्यात तिन्ही लेथ एकदम किंचाळत होते. रघू रस्त्यावर आला, एका कानात बोट घातलं आणि ओरडला, “गोजर! परसूशेठ म्हनतात, बोर करायला लागंल!”

“काय करायला?”

“बोर! बो-र! करून टाकू ना?”

तिकडून काहीच उत्तर आलं नाही. रघूला वाटलं रेंज गेली. मग आवाज आला, पण तो गोजरबाईचा वाटेना. गोजरबाईचा आवाज पलीकडच्या काठाला ऐकू जायचा. हा अगदी बारीक होता.

“खरंच करताय?”

“मंग काय खोटं? सुयोग बी हो म्हनला.”

“किती जायला लागंल?”

रघूला कौतुक वाटलं. बाईला नंबराचंसुद्धा कळतं! “पन्नासवर काम होईल म्हनतात.”

“पन्नासवर लागंल?”

“नाय लागलं तर पंच्याहत्तर. लई झालं तर शंभर. शंभरच्या पुढं जाता येत नाय.”

“का नाय येत? दोनशे जा! तीनशे जा! पन आता मागं फिरू नका!”

रघू हसला. बिचारीला लोखंडाचं गणित कुठून कळणार? “अगं, शेठ लई जानकार मानूस हाय. नुसतं बोट लावून सांगतो. नारळ नाय, बिरळ नाय.”

“देव तुमचं भलं करो,” गोजरबाई म्हणाली, आणि चक्क हुंदका आला. “तीस वर्सांनी का व्हईना, तुमाला माजी आठवन झाली.”

फोन कट झाला. रघू रस्त्यात उभा राहिला. इंजिनाच्या दुरुस्तीत हिची आठवण कुठून आली, हे त्याच्या लक्षात येईना. मग त्यानं विचार केला, बाजाराला तीच तर जाते होडीनं. मनातून तिलाही जुनंच हवं होतं, फक्त बोलत नव्हती. आपण उगाच इतकी वर्षं तिला इंजिनाची वैरी समजलो! त्याचे डोळे भरून आले. तो तसाच गाळ्यात शिरला.

“रोता क्यों है, साईं?” परसूशेठ घाबरून म्हणाला. “ज्यादा नहीं लूँगा मैं.”

काम दोन दिवसांचं होतं. रघू सुयोगकडे चिखलोलीला मुक्कामाला गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोजरबाईचा फोन आला. सुयोगनं स्पीकरवर टाकला.

“सुयोग, मी बदलापूरच्या बाळला सांगितलं. सकाळीच गाडी घेऊन येतो म्हनला.”

“बरं झालं आई. गाडी लागणारच होती.”

“बाबांना इचार, चालंल ना?”

“चालेल काय, पळेल!” रघू मागून ओरडला. इंजिन वाडीला परत न्यायला टेम्पो हवाच होता, आणि बायकोनं न सांगता त्याची सोय करावी, हे त्याच्या संसारात प्रथमच घडत होतं. बाळ म्हणजे बदलापूरचा उद्योगी पोरगा. त्याच्या दुकानाच्या पाटीवर टेम्पो, मांडव, जेसीबी, खडी, वाळू आणि सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून असेल, बोअरवेल असं लिहिलेलं होतं. ती शेवटची ओळ रघूनं कधी वाचली नव्हती. तिच्यापुढे कायम स्कूटर उभी असायची.

शुक्रवारी सकाळी बापलेक कॅम्प चारला पोचले. इंजिन तयार होतं. पन्नासवर काम झालं होतं. परसूशेठनं ते सुरू करून दाखवलं तेव्हा रघूला वाटलं, बाप पुन्हा बोलायला लागला. पण बाळचा पत्ता नव्हता. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. रघूनं फोन लावला.

“बाळ, अरे गाडी कुठं हाय?”

“गाडी तुमच्या दारात, काका! मी तुमालाच फोन लावाया देवळाच्या पायरीवर आलोय. तुमी कुठं?”

“मी हितं उल्हासनगरला. माल तर माझ्याकडं हाय!”

“तुमच्याकडं कसला माल? पाईप, बिट, कॉम्प्रेसर, सगळं माझ्या गाडीवर हाय. काकींनी नारळ पन फोडला. चालू करतोय मी.”

“काय चालू करतोयस?”

“बोर!”

“अरे, बोर तर काल झाली!”

बाळ दुखावलेल्या आवाजात म्हणाला, “काल? कोनाकडनं करून घेतली? दुसऱ्याला काम द्यायचं व्हतं तर मला कशाला बोलावलं, काका?” त्याच्यामागे कसलीतरी भयंकर घरघर सुरू झाली आणि फोन बंद पडला.

रघू सुयोगकडे बघायला लागला. सुयोगचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

“बाबा,” तो म्हणाला, “तुम्ही आईला फोनवर नेमकं काय सांगितलं?”

रघूनं सांगितलं. पन्नास सांगितलं, पंच्याहत्तर सांगितलं, शंभर सांगितलं. सांगता सांगता त्याचाच आवाज खाली खाली जात गेला, आणि ‘दोनशे जा’ या वाक्यापाशी आल्यावर तो परसूशेठच्या स्टुलावर मटकन बसला.

समोरून जाणारा तीनचाकी टेम्पो सुयोगनं अडवला. इंजिन मागे, बापलेक पुढे ड्रायव्हरला चिकटून. अंबरनाथ गेलं, बदलापूर गेलं, पुढचा, धरणाला लांबून वळसा घालणारा खड्ड्यांचा रस्ता सुरू झाला. रघू सारखा एकच बडबडत होता, “मी तिला जाऊन सरळ सांगनार. सरळ सांगनार. घाबरायचं काय त्यात? बायकोच हाय आपली.” बदलापूर सोडल्यावर त्याचा आवाज बारीक झाला आणि वाडीच्या फाट्यावर तर त्याचे नुसते ओठ हलत होते.

वाडीवर पांढऱ्या धुरळ्याचा ढग उभा होता. रघूच्या अंगणात, बरोब्बर स्वयंपाकघराच्या दारासमोर, घराहून उंच असं मशीन जमिनीत पाईप घालत होतं. भोवती अख्खी वाडी बसली होती. गोजरबाई ठेवणीतलं लुगडं नेसली होती, हातात आरतीचं ताट होतं.

“आलं बगा आमचं भगीरथ!” ती ओरडली. बायांनी टाळ्या वाजवल्या.

“गोजर, ऐक जरा. बोर म्हंजे...” रघूनं तोंड उघडलं. पुढचा शब्द यायच्या आत गोजरबाईनं त्यात पेढा कोंबला, कपाळाला कुंकू लावलं आणि सगळ्यांदेखत त्याच्या पाया पडली. लग्नात भटजींनी सांगितलं होतं तेव्हा पडली होती, त्यानंतर आत्ताच.

“आई, अगं झालंय काय, की बाबांनी जी बोर...” सुयोगनं सुरुवात केली. रघूनं त्याच्या पायावर पाय दिला. जोरात दिला. पेढा कसाबसा गिळून तो कुजबुजला, “गप. तिचा चेहरा बघ. मग बोल.”

सुयोगनं आईचा चेहरा पाहिला आणि ताटातला एक पेढा आपणच तोंडात टाकला.

“पन्नास!” मशीनवरचा माणूस ओरडला. नुसती धूळ.

“पन्नासवर नाय लागलं,” गोजरबाईनं वाडीला समजावून सांगितलं. “पन शेठनी सांगितलंय, मंग पंच्याहत्तर बगायचं.” गेल्या दोन दिवसांत तिनं वाडीभर केलं होतं, की कॅम्प चारमध्ये एक सिद्ध पुरुष आहेत, नुसतं बोट लावून पाणी सांगतात. हे ऐकून एकच माणूस जळून खाक झाला होता. दाढ काढून सुजलेला गाल सांभाळत, नारळ मांडीवर घेऊन, हरिचंद्र आंब्याखाली बसला होता.

“बोट लावतो म्हने!” तो फणकारला. “उल्हासनगरात बसून बोट कुटं लावतो? नकाशाला?”

“पंच्याहत्तर!” धूळ.

“शंभर!” धूळच. बाळनं कपाळाचा घाम पुसला. “काका, दगड लागलाय सगळा. थांबू की जाऊ?”

अख्ख्या वाडीनं रघूकडे पाहिलं. ट्रंकेतले, नव्या इंजिनाचे पैसे धूळ होऊन आंब्याच्या मोहोरावर बसत होते. ‘थांब’ म्हणावं तर गोजरबाई समोर. ‘जा’ म्हणावं तर कुठपर्यंत?

“शेठना इचारा!” कुणीतरी ओरडलं.

“ते... ते कामात असतात,” रघू म्हणाला. “त्यांना तरास नको द्यायला.”

हरिचंद्रला हीच संधी हवी होती. त्यानं रघूच्या खिशातून मोबाईल ओढला, देवळाच्या तिसऱ्या पायरीवर चढला, नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. मागोमाग सगळी वाडी धावली.

“हॅलो! रघूच्या वाडीतनं बोलतोय!”

“हाँ साईं! बोर कैसा है?” परसूशेठचा आवाज आला.

वाडीतून ‘आँ’ असा उद्गार निघाला. काही न सांगता ओळखलं! हरिचंद्रसुद्धा थोडा डळमळला.

“कसली बोर? पानीच नाय!” तो म्हणाला.

“पानी नहीं आ रहा?” परसूशेठ किंचाळला. इंजिन गार ठेवणारं पाणी बाहेर पडत नसेल तर मेकॅनिकनं किंचाळणं बरोबरच होतं. “अरे बंद करो! फौरन बंद करो! पानी के बिना चलाओगे तो अंदर सब जल जाएगा!”

बाळ पायऱ्या उतरून जिवाच्या आकांतानं मशीन बंद करायला धावला.

“मंग आता काय करू?” हरिचंद्रचा आवाज आता बराच नरम झाला होता.

“घबराओ मत. लेफ्ट साइड में देखो. वहाँ छोटा होल मिलेगा, पानी उसी में से निकलता है. कचरा अटका होगा. कचरा साफ करो, एकदम फर्राटे से आएगा. गारंटी मेरी.”

फोन बंद. सगळी वाडी वळली आणि रघूच्या घराच्या डाव्या बाजूला पाहू लागली. डाव्या बाजूला रघूची खोपी होती. पावसाळ्यात इंजिन ठेवायची. आत ऑइलचे डबे, काळी फडकी, गंजलेल्या साखळ्या, तुटके पंखे आणि बापाच्या वेळचे नटबोल्ट.

“कचरा!” गोजरबाई म्हणाली.

“तो कचरा नाय!” रघू ओरडला. “स्पेअर पार्ट हायेत ते!”

कोण ऐकतंय! दहा मिनिटांत खोपी भुईसपाट झाली. पत्रे एकीकडे, डबे दुसरीकडे. आणि ऑइलच्या पिंपाखाली खरोखरच एक भोक निघालं. उंदराचं बीळ होतं, पण ते सांगायची हिंमत कुणात नव्हती. बायांनी हात जोडले. हरिचंद्रनं नारळ हळूच पिशवीत टाकला.

बाळनं गाडी सरकवली. पुन्हा घरघर, पुन्हा धूळ. दहा, वीस, तीस. रघूनं डोळे मिटून घेतले होते. चाळीसच्या जरा पुढं मशीनचा सूर बदलला, धूळ ओली झाली, मग चिखल उडाला, आणि मग कॉम्प्रेसरच्या जोरावर पाण्याचा असा फवारा उसळला, की आंबा न्हाला, गोठा न्हाला, टेम्पोत बसलेला ड्रायव्हर न्हाला. बाया किंचाळत पाण्याखाली नाचायला लागल्या. हरिचंद्र सुजलेला गाल विसरून म्हणाला, “मी हेच सांगनार व्हतो! दाढ दुखत व्हती म्हनून बोललो नाय!”

गोजरबाई नाचली नाही. ती त्या पाण्यात नुसती उभी राहिली, ओंजळ धरून. तिची ओंजळ भरत होती, सांडत होती, पुन्हा भरत होती. रघूनं ते पाहिलं. तीस वर्षं तो रोज होडीतून हिला हंडा घेऊन चढताना बघत आला होता, आणि त्याला वाटायचं, चढते आहे. आज पहिल्यांदा त्याला शरम वाटली.

पाणी खाली बसलं. बाळनं दोरी सोडून मोजलं. “पंधरा फुटांवर उभं हाय. सोनं लागलंय काका. आता वर खेचायचं कसं? मोटर टाकायची तर नवं कनेक्शन, अर्ज, साहेब... पावसाळा उजाडंल.” बोलता बोलता त्याची नजर टेम्पोत गेली. “हे काय? हे तर पंपाचं इंजिन! पाच हॉर्सपॉवर! ह्याला पंप जोडला की पंधरा फूट म्हंजे लहान पोराचा खेळ.”

गोजरबाई हळूहळू पुढे आली. तिनं नव्या रंगाचं, स्वच्छ पुसलेलं इंजिन पाहिलं.

“बघितलंत?” ती सगळ्यांना म्हणाली. “बोरला लागंल म्हनून हा मानूस आपल्या होडीचं इंजिन काढून, दुरुस्त करून, उल्हासनगरहून घेऊन आला! आनि वर एका शब्दानं बोलला नाय!”

सुयोग गोठ्यामागे जाऊन पोट धरून हसत होता. चार जणांनी इंजिन उचललं आणि बोरजवळ नेऊन ठेवलं. रघूनं फक्त एवढंच म्हटलं, “जरा सावकाश धरा.”

आठवडा गेला. इंजिनाला आता दोन पाळ्या लागल्या. सकाळी सहा ते आठ बोरवर, मग चार बोल्ट काढायचे आणि होडीवर. ज्यांना बाजाराला जायचं त्यांनीच ते काठापर्यंत उचलून न्यायचं, असा गोजरबाईचा कायदा होता. पाणी सगळी वाडी भरत असल्यामुळे कुणी कुरकुरत नव्हतं. होडी एका दमात पलीकडे जात होती. आणि जो भेटेल तो रघूला रामराम घालत होता. एकीनं तर नवऱ्याला त्याच्यासमोर उभं करून सांगितलं, “बग, ह्याला म्हनतात नवरा!”

रघूला अन्न गोड लागेना. फुकटचा मोठेपणा त्याला पचत नव्हता. शेवटी रविवारी सकाळी, पाणी भरून बाया गेल्यावर, तो बोरजवळ गोजरबाईसमोर जाऊन बसला.

“गोजर, मी एक खोटं केलंय. म्हंजे बोललो खरं, पन झालं खोटं. फोनवर मी जी बोर म्हनलो ना, ती इंजिनाची. पन्नास, पंच्याहत्तर, ते पिस्टनचे नंबर. पान्याचं माझ्या डोक्यात बी नव्हतं. तुजी शपथ.”

गोजरबाईनं हंडा घासणं थांबवलं नाही.

“मंग त्या दिवशी का नाय सांगितलंत?”

“तू पाया पडलीस. मला सांगवेना.”

तिनं हंड्याच्या बुडाला राख लावली आणि म्हणाली, “फोन ठेवला आनि मी पायरीवर बसून रडले. मंग रडून झाल्यावर डोकं चालाया लागलं. मी म्हनलं, तीस वर्सांत ह्या मानसाला माजी तहान दिसली नाय, ती आज इंजिन दाखवायला गेल्यावर कशी दिसली? कायतरी भानगड हाय. दुसऱ्यांदा फोन लावावा नि इचारावं, नीट काय ते.”

“मंग का नाय इचारलंस?”

“इचारलं असतं तर तुमी खरं सांगितलं असतं!” गोजरबाईनं डोळे मोठे केले. “म्हनून मी पह्यला फोन बाळला लावला. तुमी यायच्या आत पाईप जमिनीत गेला पायजे व्हता.”

रागवावं की काय, हे रघूला ठरवता येईना. ठरवायच्या आधीच त्याला हसू फुटलं.

“म्हंजे तू मला फसवलंस!”

“मी कुटं? तुमी म्हनलात, करून टाकू. मी म्हनलं, करा.” गोजरबाईनं हंडा धुऊन पालथा ठेवला. “तुमी तुमची केलीत, मी माजी केली.”